पाच म्हणजे चारपेक्षा चांगलं? जुन्या गाडीच्या गिअर ऑईलचं गणित

आमच्या पॉडकास्टला डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनहून एका श्रोतीने प्रश्न पाठवला. तिने आणि तिच्या नवऱ्याने १९७२ची एक फोक्सवॅगन बीटल घेतली आहे. सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर टाकला की करकरतो. गिअर ऑईल बदलून बघावं म्हणून ती जवळच्या मोटर फॅक्टरमध्ये, म्हणजे स्पेअर पार्टच्या दुकानात गेली. काउंटरवरच्या माणसाने दोन डबे पुढे ठेवले. दोन्हींवर ८०डब्ल्यू-९० लिहिलेलं, पण एकावर जीएल-४ आणि दुसऱ्यावर जीएल-५. "पाच नवीन आहे, तेच घ्या," असं तो म्हणाला. घाटकोपरहून बाबांचा व्हॉट्सॲप आला: "आमच्या पद्मिनीत आयुष्यभर नव्वद नंबर टाकलं. तेच टाक, उगाच खर्च करू नकोस."

कोणाचं ऐकायचं?

छोटं उत्तर आधी देतो. जीएल-४ घ्या, साधं खनिज, ८०डब्ल्यू-९०. दुकानदाराचं चुकतंय आणि बाबांचं अर्धं बरोबर आहे. पण हे उत्तर पाठ करून उपयोग नाही, कारण शेजाऱ्याकडे मॉरिस मायनर असेल तर त्याचं उत्तर वेगळं येतं, आणि पुण्यात आजोबांची फियाट ताडपत्रीखाली उभी असेल तर तिचं आणखी वेगळं. कारण कळलं की तीनही उत्तरं आपली आपण काढता येतात.

नास रोड आणि कुर्ला

आधी थोडं गाड्यांबद्दल, कारण या दोन गाड्यांचं नातं वाटतं त्याहून जवळचं आहे.

आयर्लंडमध्ये तयार गाडी आयात केली तर जबर कर लागायचा. त्यामुळे सुटे भाग पेट्यांमधून आणून गाडी इथेच जोडायची पद्धत पडली. स्टीफन ओफ्लाहर्टी यांच्या कंपनीने १९५०मध्ये डब्लिनच्या शेलबोर्न रोडवर बीटल जोडायला सुरुवात केली. जर्मनीबाहेर जोडलेल्या या पहिल्या बीटल. पुढे हे काम नास रोडवर हललं, म्हणजे क्लोनडॉकिनहून रेड काउमार्गे शहराकडे जाताना लागतो त्याच रस्त्यावर. आयर्लंड १९७३मध्ये युरोपीय समुदायात गेला, आयातीवरची बंधनं सैल होत गेली आणि जोडणीचे कारखाने एकेक करून बंद पडले.

आपल्याकडेही गोष्ट तीच. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यात आधी जोडलेली आणि मग बनवलेली फियाट ११०० पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या टॅक्सींमधून ती बाद झाली. म्हणजे बाबांची पद्मिनी आणि मुलीची बीटल, दोघी एकाच काळातल्या, एकाच प्रकारच्या धोरणातून घडलेल्या. पण त्यांच्या पोटात ऑईल जातं ते दोन वेगळ्या तऱ्हांनी. आपला सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

पद्मिनीत इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. गिअरबॉक्स गाडीच्या मध्यावर, तिथून लांब शाफ्ट मागे जातो, आणि मागच्या ॲक्सलमध्ये क्राउन-पिनियन असतं. गिअरबॉक्सचं ऑईल वेगळं आणि ॲक्सलचं वेगळं, दोन स्वतंत्र डबे. बीटलमध्ये इंजिन मागे असतं आणि गिअरबॉक्स व क्राउन-पिनियन एकाच धातूच्या पेटीत बसवलेले असतात. ऑईल एकच. त्याच ऑईलने दोन्हींची कामं करायची, आणि ती कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

एका पेटीतल्या दोन मागण्या

पहिली मागणी क्राउन-पिनियनची. पिनियनचा छोटा गिअर क्राउनच्या मोठ्या चक्राला काटकोनात फिरवतो. दाते तिरके, वळलेले असतात, एकमेकांवर दाबले जातात आणि घसरतातही. १९२०च्या दशकात अमेरिकेत पॅकार्डने प्रवासी गाड्यांमध्ये हायपॉइड नावाची रचना आणली. त्यात पिनियन क्राउनच्या मध्यापासून खाली सरकवलेलं असतं. त्यामुळे शाफ्ट खाली जातो, गाडीचा तळ खाली घेता येतो आणि गिअर शांत चालतात. पण दात्यांचं घसरणं खूप वाढतं. एवढ्या दाबाखाली साधं ऑईल दोन दात्यांच्या मधून पिळून बाहेर जातं. धातूवर धातू घासला, की क्षणभर तिथे एवढी उष्णता होते की दोन पृष्ठभाग चिकटून ओरबाडले जातात.

यावर उपाय म्हणून ऑईलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं मिसळायला लागले. यांना ईपी म्हणतात, म्हणजे अति दाब सोसणारी द्रव्यं. एरवी ती ऑईलमध्ये गप्प असतात. जिथे दाब आणि उष्णता वाढते नेमकं तिथेच ती लोखंडाशी रासायनिक क्रिया करून एक पातळ, मऊ थर तयार करतात. मग दात्याऐवजी तो थर झिजतो आणि पुन्हा नवा तयार होतो. स्वतः झिजून दाता वाचवणं हेच त्याचं काम.

दुसरी मागणी सिन्क्रोची. चालत्या गाडीत पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना दोन भाग वेगवेगळ्या गतीने फिरत असतात. त्यांची गती जुळल्याशिवाय दाते एकमेकांत बसत नाहीत, नुसते आपटतात. करकर होते ती हीच. जुने ड्रायव्हर डबल क्लच मारून, मध्ये न्यूट्रलमध्ये थांबून गती स्वतः जुळवायचे. सिन्क्रो ते काम आपल्यासाठी करतो. पितळेची एक कडी, आतून किंचित निमुळती, आतल्या बाजूला बारीक खाचा. गिअर टाकला की ही कडी गिअरच्या निमुळत्या पोलादी भागावर दाबली जाते, खाचा मधलं ऑईल पुसून काढतात आणि पितळ पोलादाला धरतं. ब्रेकसारखंच. गती जुळली की दाते सरकन बसतात.

म्हणजे क्राउन-पिनियनला घर्षण नको, आणि सिन्क्रोला घर्षण हवंच. कडी आणि पोलाद यांच्यामध्ये ऑईल जास्त निसरडं झालं तर कडी धरणार कशी? गिअर ऑईलची निवड म्हणजे या दोघांमधला समझोता.

बाबांच्या पिढीला ही गोष्ट हाताला माहीत होती, फक्त नाव माहीत नव्हतं. जुन्या पद्मिनीत पहिल्या गिअरला सिन्क्रो नव्हता. म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नये असं ते सांगायचे. बीटललाही १९६०च्या सुमारापर्यंत पहिल्या गिअरला सिन्क्रो नव्हता, मग चारही गिअरना आला. आपल्या १९७२च्या गाडीत म्हणजे पितळेच्या चार कड्या आहेत.

डब्यावरचा पहिला आकडा: दाटपणा

"नव्वद नंबर" हा दाटपणाचा आकडा आहे, दर्जाचा नाही. तो एसएई या अमेरिकी संस्थेच्या मापावरून येतो. या मापात एक गंमत आहे. गिअर ऑईलची आणि इंजिन ऑईलची मोजपट्टी वेगळी आहे. त्यामुळे गिअरचं ९० हे इंजिनच्या ५०पेक्षा खूप दाट असेल असं वाटतं, पण प्रत्यक्षात दोघं जवळपास सारखी असतात. १०० अंश सेल्सिअसला इंजिनचं ५० हे १६.३ ते २१.९ सेंटिस्टोकच्या मध्ये येतं, आणि आजच्या मापानुसार गिअरचं ९० हे १३.५ ते १८.५च्या मध्ये. तुलनेसाठी सांगतो, साधं पाणी घरच्या तापमानाला सुमारे १ सेंटिस्टोक असतं.

हे माहीत नसल्याने लोक घाबरतात, कारण मॉरिस मायनरच्या जुन्या पुस्तकात गिअरबॉक्समध्ये चक्क इंजिन ऑईल टाका असं लिहिलेलं असतं. ती छापील चूक नाही. जुन्या मिनीत तर गिअरबॉक्स इंजिनच्या खालीच, त्याच ऑईलमध्ये बसलेला असतो. या पेट्यांना ईपी द्रव्यं लागतच नाहीत.

आता "८०डब्ल्यू" चं काय? डब्ल्यू म्हणजे हिवाळा. ८०डब्ल्यू ऑईल उणे २६ अंशालाही ठरलेल्या मर्यादेपेक्षा घट्ट होत नाही. ७५डब्ल्यूला हीच परीक्षा उणे ४०ला, आणि ८५डब्ल्यूला उणे १२ला. मुंबईत बाबांना या पहिल्या आकड्याची कधी गरजच पडली नाही. तिथल्या सर्वांत गार पहाटेलाही ऑईल वाहतं राहतं. डब्लिनमध्ये जानेवारीत सकाळी दोन-तीन अंश असतात. साधं ९० अशा वेळी पातळ मधासारखं होतं. सिन्क्रोच्या कडीखालचं ऑईल पुसायला वेळ लागतो आणि आपण तेवढा धीर धरत नाही. म्हणून ८०डब्ल्यू-९०: थंडीत ८०सारखं, तापल्यावर ९०सारखं. डब्लिनला ७५डब्ल्यूची मात्र गरज नाही, ते कॅनडातल्या किंवा फिनलंडमधल्या वाचकांनी बघावं.

बाबांचं अर्धं बरोबर का, ते इथे कळतं. दाटपणा त्यांनी बरोबर सांगितला. दुसऱ्या आकड्याबद्दल ते बोललेच नाहीत.

दुसरा आकडा: जीएल

जीएल म्हणजे गिअर लुब्रिकंट. हे वर्ग अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवलेले आहेत. इंजिन ऑईलच्या वर्गांची सवय असलेल्या माणसाला वाटतं की वरचा वर्ग खालच्याची जागा घेतो. इथे तसं नाही. जीएल-१ म्हणजे ईपी द्रव्यं नसलेलं साधं ऑईल. जीएल-२, ३ आणि ६ वापरातून गेले. जीएल-४ मध्यम कामासाठी, जीएल-५ जास्त दाबाच्या हायपॉइड ॲक्सलसाठी. सर्वसाधारणपणे जीएल-५मध्ये ईपी द्रव्यं जीएल-४च्या दुपटीच्या आसपास असतात. म्हणजे हे आकडे परीक्षेतल्या गुणांसारखे नाहीत, चपलेच्या मापासारखे आहेत. पाच नंबरची चप्पल चारपेक्षा चांगली नसते, वेगळ्या पायाची असते.

फोक्सवॅगनच्या त्या काळच्या पुस्तकात बीटलसाठी एसएई ९० हायपॉइड ऑईल सांगितलं आहे, आणि त्यासोबत अमेरिकी लष्कराचं एक मानक, मिल-एल-२१०५. हे मानक म्हणजे आजचं जीएल-४. त्याच मानकाच्या शेवटी बी लागला की ते जीएल-५ होतं. एका अक्षराचा फरक, पण पेटीतल्या पितळेला तो जाणवतो.

पितळ आणि गंधक

घरी चांदीचे पैंजण काळे पडलेले सगळ्यांनी पाहिलेत. हवेतल्या गंधकाच्या वायूंनी चांदीवर सल्फाइडचा थर बसतो. तांब्यालाही गंधक असंच आवडतं, आणि पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. काळवंडलेलं भांडं पितांबरीने घासलं की लख्ख होतं, पण दर घासणीला कणभर धातू जातो. आजीच्या घरातल्या जुन्या भांड्यांवरची नक्षी पुसट का होते, त्याचं हे एक कारण.

सिन्क्रोच्या कडीचंही तसंच. ऑईलमधल्या सक्रिय गंधकाने पितळेवर थर बसतो, आणि प्रत्येक गिअर बदलताना कडी पोलादावर घासली की तो निघतो. पुन्हा बसतो, पुन्हा निघतो. लोखंडी दात्यावर हाच प्रकार फायद्याचा होता, कारण तिथे तो थर दात्याला ओरबाडण्यापासून वाचवत होता. मऊ पितळेच्या बारीक खाचांवर मात्र तो तोट्याचा. शिवाय द्रव्यं जास्त असली की ऑईल जास्त निसरडं होण्याची शक्यताही असते, म्हणजे कडीची पकड दोन बाजूंनी कमी होते.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. आजच्या जीएल-५ ऑईलमधली गंधकाची संयुगं पूर्वीइतकी आक्रमक नसतात, आणि त्यांना तांब्याच्या पट्टीची परीक्षा द्यावी लागते. त्यात चकचकीत तांब्याची पट्टी १२१ अंशाच्या ऑईलमध्ये तीन तास बुडवून ती किती काळवंडते ते पाहतात. बरीच नवी जीएल-५ ऑईल ही परीक्षा सहज पास होतात. पण ही परीक्षा काळवंडण्याची आहे, घासून झिजण्याची नाही. आणि ती तीन तासांची आहे. ऑईल तुमच्या पेटीत पाच-सात वर्षं राहतं. म्हणून "जीएल-५ टाकलं की गिअरबॉक्स उद्या संपला" हेही खरं नाही, आणि "नव्या जीएल-५ने काहीच होत नाही" हेही नाही. चुकून टाकलं असेल तर घाबरू नका, काढा आणि जीएल-४ भरा. पण विकत घेताना निवड आपल्या हातात असेल, तर जोखीम घ्यायचं कारणच नाही. बीटलचा गिअरबॉक्स उघडायचा तर आधी इंजिन खाली उतरवावं लागतं. ऑईलच्या डब्याच्या कितीतरी पट खर्च त्या मजुरीचा होतो.

मग कोणत्या गाडीत काय

सगळ्यात आधी गाडीचं मूळ पुस्तक शोधा. मराठी घरांत ते बहुधा आरसी बुकाच्या पिशवीत असतं. नसेल तर त्या मॉडेलच्या क्लबकडे स्कॅन मिळतं. पुस्तक आणि डबा यांच्यामध्ये भांडण झालं तर पुस्तक जिंकतं. त्यानंतर हे प्रश्न विचारा.

गिअरबॉक्स आणि क्राउन-पिनियन एकत्र आहेत का? असतील, बीटलसारखे, तर दोघांना चालेल असं जीएल-४. मध्यम ईपी, पितळ सुरक्षित.

दोघं वेगळे आहेत का? पद्मिनी किंवा ॲम्बॅसॅडरसारखे? मग दोन्हींकडे वेगळं बघायचं. मागच्या ॲक्सलला पुस्तक जे ईपी ऑईल सांगेल ते, आणि तिथे जीएल-५ बऱ्याचदा योग्य ठरतं. गिअरबॉक्सला सौम्य. एकच डबा आणून दोन्हीकडे ओतायची सवय आपल्याकडच्या गॅरेजमध्ये आहे. ॲक्सलला चालेल तेच गिअरबॉक्सलाही चालेल, हे गृहीत धरू नका. नुसतं "ईपी ९०" असं लिहिलेला डबा असेल तर मागे बारीक अक्षरात जीएलचा आकडा शोधा. ईपी ९० वरून तो कळत नाही.

पुस्तकात इंजिन ऑईल सांगितलंय का? मग इंजिन ऑईलच टाका.

डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही छापलंय का? याचा अर्थ बहुधा ईपी द्रव्यं जीएल-५च्या पातळीची आहेत. पितळेच्या सिन्क्रोसाठी नुसतं जीएल-४ शोधा. लिमिटेड स्लिप डिफरन्शियलसाठीचं ऑईल तर गिअरबॉक्सच्या जवळ आणू नका. त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं मुद्दाम टाकलेली असतात, म्हणजे सिन्क्रोच्या नेमकं विरुद्ध.

सिंथेटिक घ्यायचं का? नव्या गाड्यांसाठीची ७५डब्ल्यू-८०सारखी पातळ सिंथेटिक ऑईल पन्नास वर्षांच्या पेटीत टाळा. दात्यांमधली फट वाढलेली असते, सील कडक झालेले असतात, आणि पातळ ऑईल तिथून वाट काढतं. खनिज ऑईल स्वस्तही पडतं.

बदलण्याआधी क्लच बघा

ऑईल बदलून करकर जाईलच असं नाही. थंडीत करकर होते आणि दहा मिनिटं चालवल्यावर जाते, तर दोष बहुधा दाट किंवा जुन्या ऑईलचा. गरम झाल्यावरही तशीच राहते, तर कडी झिजलेली असू शकते, आणि कोणतंही ऑईल झिजलेलं पितळ परत आणत नाही. रिव्हर्स टाकतानाही करकर होत असेल, तर आधी क्लच तपासा. रिव्हर्सला सिन्क्रो नसतो, त्यामुळे क्लच पूर्ण सुटत नसेल तर ते तिथे लगेच कळतं. बीटलच्या क्लच पेडलला वरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल असायला हवी. केबल जुळवणं फुकट आहे, म्हणून ते पहिलं.

बदलायचं कसं

पंधरा-वीस मिनिटं गाडी फिरवून आणा. कोमट ऑईल सहज आणि सगळं निघतं, तळाला बसलेला गाळही सोबत येतो. मग सपाट जागी उभी करा. गाडी उचलायची असेल तर चाकांना दगड किंवा अडण्या लावा आणि गाडी स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नका. हे वाक्य दोनदा वाचा. तपासताना आणि भरताना गाडी चारही बाजूंनी समपातळीत हवी, नाहीतर पातळी चुकीची दिसते.

पुढचा नियम सगळ्यात महत्त्वाचा. आधी वरचा, भरायचा प्लग उघडा. खालचा नंतर. कारण सोपं आहे. खालचा प्लग काढून ऑईल सांडून टाकलं आणि वरचा गंजून अडकलेला निघाला, तर गाडी कोरडी पेटी घेऊन तिथेच उभी राहते. ना भरता येत, ना चालवता येत. बीटलला १७ मिलिमीटरची ॲलन की लागते, ती साध्या टूलकिटमध्ये नसते. दुकानातून ऑईल आणतानाच ती आणा. प्लगच्या षटकोनी खाचेतली माती सुईने किंवा खिळ्याने कोरून काढा, की पूर्ण आत बसली पाहिजे. अर्धवट बसलेली की खाच गोल करून टाकते.

खाली मोठं घमेलं ठेवा, नायट्राइलचे हातमोजे घाला, खालचा प्लग सोडा. निदान अर्धा तास निथळू द्या. गंधकामुळे या ऑईलला विझलेल्या फटाक्यांसारखा उग्र वास असतो आणि तो कपड्यांना धरून राहतो. जुना टीशर्ट घाला, भारतातून आणलेला आवडता नको.

प्लग पुसून परत लावताना जोर आवरा. बीटलच्या गिअरबॉक्सचं कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आहे, हलकं आणि मऊ. पोलादी प्लग लांब पान्याने आवळला तर कवचातले आटे जातात.

भरताना घाई करू नका. रिकामी करून भरताना बीटलला साधारण अडीच लिटर लागतं. ऑईल सावकाश आत पसरतं, त्यामुळे लिटरभर गेल्यावरच भोकातून बाहेर येऊ लागतं आणि वाटतं की झालं. झालेलं नसतं. दहा मिनिटं थांबा, पुन्हा भरा. किती लिटर आत गेलं ते डब्यावरून मोजा. ऑईल भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत आलं की बस. जास्तीचं गळू द्या, मग प्लग लावा. वरून जास्त कोंबलं तर ते सीलमधून बाहेर पडतं. बीटलच्या अर्ध्या ॲक्सलच्या नळ्यांवरचे रबरी बूट याच वेळी बघून घ्या. फाटले असतील तर नवं ऑईल तिथूनच गळेल.

जुनं ऑईल वाचा

फेकण्याआधी जुन्या ऑईलकडे नीट बघा. ते गाडीचं रक्त तपासल्यासारखं आहे. बीटलच्या खालच्या प्लगला लोहचुंबक असतं. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर ठीक, ती वर्षानुवर्षांची साधी झीज. बोटाला टोचणारे तुकडे असतील तर कुठलातरी दाता तुटतोय.

पण चुंबकाला पितळ चिकटत नाही. म्हणून प्लग स्वच्छ दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. थोडं ऑईल पांढऱ्या बशीत घेऊन उन्हात धरा, आयर्लंडमध्ये ऊन नसेल तर मोबाइलच्या टॉर्चखाली. सोनेरी चमक तरंगताना दिसली तर ते सिन्क्रोच्या कड्यांचं पितळ आहे. थोडी चमक जुन्या गाडीत चालते. भरपूर असेल तर गिअरबॉक्सच्या कामासाठी पैसे बाजूला ठेवायला लागा. ऑईल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. हौशी गाड्या महिनोन्महिने उभ्या राहतात, हवेतला ओलावा आत जाऊन थंड धातूवर जमतो. डब्लिनमध्ये तर ओलाव्याला तोटा नाही. म्हणूनच वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत किलोमीटर मोजत बसू नका. पातळी वर्षातून एकदा तपासा, आणि रंग किंवा वास बिघडला की बदला.

जुनं ऑईल नव्या ऑईलच्या रिकाम्या डब्यात भरा. त्यात ब्रेक फ्लुइड किंवा कूलंट मिसळू नका, मिसळलं की त्याचा पुनर्वापर होत नाही. कौन्सिलच्या सिव्हिक अमेनिटी केंद्रात ते द्या, क्लोनडॉकिनकरांसाठी जवळचं केंद्र बॅलिमाउंटला आहे. रस्त्याकडेच्या गटारात नको. क्लोनडॉकिनमधून कॅमॅक नदी वाहते आणि पुढे ती लिफीला मिळते.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे. एका चिठ्ठीवर तारीख, किलोमीटर, ऑईलचं नाव, ८०डब्ल्यू-९०, जीएल-४, किती लिटर गेलं आणि प्लगवर काय दिसलं ते लिहा आणि गाडीच्या पुस्तकात ठेवा. जुन्या गाड्या माणसांपेक्षा जास्त हात बदलतात. तुमच्यानंतर ही गाडी घेणाऱ्याला आत काय आहे ते कळायला हवं. आणि भारतात कुणाच्या घरी फियाट उभी असेल तर या सुट्टीत बाबांना विचारून त्यांच्याकडूनही अशी एक चिठ्ठी लिहून घ्या: गिअरबॉक्समध्ये काय टाकलं, मागच्या ॲक्सलमध्ये काय, कोणत्या साली. ते सगळं त्यांच्या डोक्यात आहे आणि कुठेही लिहिलेलं नाही.